साडेआठ ते सव्वादहा: संग्रहालयांच्या विश्वस्तांना सोनगीरहून खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कला व वस्तुसंग्रहालयांचे विश्वस्त, संचालक आणि अभिरक्षक यांस,



मुंबईत काळा घोड्यापाशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं दार सकाळी सव्वादहाला उघडतं. धुळ्याहून रात्रीच्या गाडीला बसलेल्या खानदेशी माणसाला तोवर मुंबईत येऊन तीन-चार तास झालेले असतात. दादरला त्यानं तोंड धुतलेलं असतं, चहा-पाव पोटात गेलेला असतो, लोकलचे धक्के खाऊन झालेले असतात. आता तो फाटकाबाहेर पिशवी पायाशी ठेवून जॉर्ज विटेटनं बांधलेला तो घुमट बघत उभा असतो. आत झाडलोट उरकत आलेली असते, दिवे लागलेले असतात आणि दालनं रिकामी असतात. निवांत काही बघावं अशी त्या इमारतीतली दिवसभरातली हीच काय ती वेळ. ती वेळ मात्र बहुतेक वेळा फरशी पुसणाऱ्यांखेरीज कुणाच्या वाट्याला येत नाही.

हे पत्र त्या वेळेबद्दल आहे.

दार निवडक लोकांसाठी लवकर उघडायचं, ही जगातल्या मोठ्या संग्रहालयांची आता रुळलेली रीत आहे. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट सर्वांसाठी साडेदहाला उघडतं, सभासदांसाठी साडेनऊला. त्या तासाभरात व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीच्या चित्रापुढे माणूस एकटा उभा राहू शकतो. दुपारी त्याच चित्रापुढे वर धरलेले मोबाइल तेवढे दिसतात. व्हॅटिकनमध्ये सिस्टीन चॅपेल गर्दीआधी बघायचं असेल तर सकाळच्या न्याहारीसकट वेगळं तिकीट मिळतं. म्हणजे भिंतीवरचं चित्र तेच, छत तेच; जास्तीचे पैसे पडतात ते शांततेचे.

आपल्याकडे ही पद्धत एवढी बांधीव झालेली नाही, पण तिची वाट पडलेली आहे. मोठ्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाआधी निमंत्रितांची संध्याकाळ असते. सभासदांसाठी खास फेऱ्या निघतात. देणगीदार आले की अभिरक्षक स्वतः पुढे होऊन दाखवतात आणि एखादं कपाट उघडलंही जातं. याबद्दल सोनगीरमध्ये कुणाची तक्रार असायचं कारण नाही. सभासदांच्या वर्गणीतूनच दिवे लागतात, काचा पुसल्या जातात, जुन्या कापडाला कीड लागू नये म्हणून माणूस नेमता येतो. हमेशाच्या गिऱ्हाइकाला आधी माल दाखवायचा, हे महामार्गावरच्या बाजारपेठेच्या गावाला कुणी शिकवायला नको.

सभासदांचा तास काढून घ्या, असं या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. म्हणणं एवढंच, की महिन्यातली एखादी सकाळ, साडेआठ ते सव्वादहा, अशा माणसांना द्या, ज्यांना तुमच्या कपाटातली वस्तू कशी केली आहे हे पाटी न वाचता कळतं.

सोनगीर हे धुळ्यापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतचं गाव. वर टेकडीवर छोटा किल्ला आणि खाली तांब्यापितळेची भांडी, एवढ्या दोन गोष्टींवर ते खानदेशभर ओळखलं जातं. किल्ल्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. सुट्टीच्या दिवशी पोरं वर चढतात, फोटो काढतात. भांड्यांबद्दल लिहिणारे कमी. ज्यांच्या आजीच्या माजघरात सोनगीरचा हंडा होता त्यांना मात्र वेगळं सांगावं लागत नाही.

तांबटाचं काम बघणाऱ्याला आधी ऐकू येतं. सपाट पत्रा भट्टीत लाल होईस्तोवर तापवायचा, निववायचा, मग ऐरणीवर घेऊन ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं. ठोकल्यावर तांबं कडक होत जातं आणि पुढे वळेनासं होतं, म्हणून पुन्हा भट्टी, पुन्हा ऐरण. आकार आला की शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानं ओळीत, एकाला एक लागून ठोके घालायचे. गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटते. पण मऊ पडलेल्या धातूला ताठपणा येतो तो या ठोक्यांनी, आणि म्हणूनच मठारलेला हंडा डोक्यावरून उतरवताना आपटला तरी सहसा पोचा पडत नाही. मग कल्हई. भांडं तापवून आत नवसागर भुरभुरायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं तो चकचकीत थर झपाट्यानं पसरवायचा. कथील 232 अंशांवर वितळतं, तांबं हजाराच्याही वर, म्हणून हे जमतं. हात रेंगाळला तर थर जाड-पातळ होतो. आंबट वरण, ताक, चिंचेचं सार असल्या भांड्यात बाधू नये म्हणून ही एवढी खटपट.

साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर शिरलं आणि या धंद्याची रया गेली. त्यानंतर प्लॅस्टिकच्या घागरी आल्या. आता तांब्याच्या बाटल्यांची फॅशन आली आहे, पण त्यातल्या पुष्कळशा यंत्रावर ओढलेल्या असतात आणि मठारल्यासारखे ठसे साच्यातून उमटवलेले असतात. ठोक्यांच्या ओळी इतक्या सरळ, की हातानं केलेलं नाही हे जाणत्याला तिथेच कळावं.

अशा जाणत्याला तुमच्या दालनात आणून उभं केलं तर तो काय बघेल?

पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, पानाचे डबे, भांडी गोळा केली आणि 1975 मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं. महाराष्ट्रातल्या धातुकामाचा एवढा ऐवज एका छपराखाली दुसरीकडे क्वचितच सापडेल. साध्या प्रेक्षकाला तिथे मोराच्या आकाराची समई दिसते, हत्तीच्या आकाराचा अडकित्ता दिसतो, तो खूश होतो आणि पुढच्या दालनात जातो. तांबट मोराकडे फारसा बघणार नाही. कोपऱ्यातल्या साध्या लोट्यापुढे तो वाकेल आणि मान वाकडी करून त्याचं बूड बघायला लागेल. बूड दिसणार नाही, कारण लोटा फळीवर ठेवलेला आणि वरून उजेड.

बुडाशीच तर सगळं लिहिलेलं असतं. भांडं एका पत्र्यातून उठवलंय की दोन भाग जोडलेत, हे तिथे कळतं. जुन्या कामात पत्र्याच्या एका कडेला दाते कापून दुसरी कड त्यात अडकवत आणि वर सवागी घालून झाळत. वापरून वापरून वरचा थर झिजला की तो दातेरी जोड पुन्हा दिसू लागतो. पिवळ्या पितळेत जरा फिकट, करवतीच्या पात्यासारखी ती रेघ ओळखायला सवय लागते. बुडाला डाख लावून दुरुस्ती झाली असेल तर ते घर त्या भांड्याला टाकून द्यायला तयार नव्हतं एवढं समजतं. काजळीचा डाग एकाच अंगाला असेल तर चुलीचं तोंड कुठे होतं तेही. आणि शेवटी तो नखानं टिचकी मारायला बघेल. काशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर बसतो. पाटीवर ‘पितळ’ लिहिलेलं एखादं भांडं कासं निघालं, तर त्यात नवल वाटायला नको.

पाटीवर बहुधा एवढंच असतं: लोटा, पितळ, दख्खन, 19वे शतक. कुणी केला, हे नसतं. तसं ते भांड्यावरही नसतंच. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते आहेर देणाऱ्याचं. मामाकडून, आत्याकडून, अमुक मंडळाकडून सप्रेम भेट. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली ती अक्षरं चाळीस वर्षं टिकतात आणि ज्यानं पत्र्याचा हंडा केला त्याचं नाव पहिल्याच दिवशी पुसलेलं असतं. संग्रहालयांनी ही चूक सुरू केली नाही, पण पुढे चालवली आहे.

मुंबईच्या भायखळ्यातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय या बाबतीत फार बोलकं आहे. 1872 मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून लोकांसाठी खुलं झालं आणि 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. मुंबई इलाख्यातल्या कारागिरीचे उत्तम नमुने जगापुढे मांडायचे, हा त्याच्या जन्मामागचा एक मोठा हेतू. वेगवेगळे धंदे करणारी माणसं तिथे मातीच्या छोट्या प्रतिकृतींत काचेआड बसलेली आहेत. कारागीर संग्रहालयात शंभराहून अधिक वर्षांपासून आहे, असं म्हणायला हरकत नाही. फक्त तो वीतभर उंचीचा आहे आणि बोलत नाही.

लंडनच्या ज्या संग्रहालयाला पुढे हेच नाव मिळालं, त्याची सुरुवात मात्र याच्या उलट दिशेनं झाली होती. 1857 मध्ये साउथ केन्सिंग्टनला हेन्री कोल यांनी संग्रहालय उघडलं तेव्हा दालनांत गॅसचे दिवे लावून घेतले आणि संध्याकाळी दारं उघडी ठेवली. दिवसा कामावर असलेल्या कामगाराला दिवसा उघडं असलेलं संग्रहालय काय उपयोगाचं, हा साधा हिशेब त्यामागे होता. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, 1759 मध्ये ब्रिटिश म्युझियम उघडलं तेव्हा प्रवेश फुकट असला तरी आधी लेखी अर्ज करून चिठ्ठी मिळवावी लागे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही तो आपोआप बाहेर. दार कुणासाठी किती वाजता उघडायचं, हा प्रश्न संग्रहालयांच्या जन्माइतका जुना आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक पिढीनं आपापल्या सोयीनं दिलेलं आहे. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात एडगर थर्स्टन यांच्या काळात गोषातल्या बायकांसाठी महिन्यातला एक दिवस राखीव असे. म्हणजे वेळ राखून ठेवणं ही काही फक्त पैसेवाल्यांसाठीची युक्ती नाही. जो एरवी येऊ शकत नाही त्याच्यासाठीही ती वापरून झालेली आहे.

दिल्लीचं हस्तकला संग्रहालय तर मुळातच कारागिरांना नमुने बघायला मिळावेत म्हणून जमवलेल्या संग्रहातून उभं राहिलं. प्रगती मैदानाजवळच्या चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या अंगणांत वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर येऊन राहत, काम करत आणि प्रेक्षकांशी बोलत. अहमदाबादला विशाला हॉटेलाच्या आवारात सुरेंद्र पटेल यांनी 1981 मध्ये निव्वळ भांड्यांचं संग्रहालय काढलं. त्याच शहरातलं कॅलिको संग्रहालय आधी नाव नोंदवलेल्या मोजक्याच लोकांना आत घेतं आणि त्याबद्दल कुणी त्याला नावं ठेवत नाही, कारण जुनी कापडं उजेडानं आणि गर्दीनं विरतात. थोडक्या माणसांना थोडा वेळ, पण नीट दाखवायचं, हे आपल्या शेजारी चालूच आहे.

आणि मान्यतेचं म्हणाल तर पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची तांब्यापितळेची भांडी घडवण्याची कला 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्यांचं काम आणि सोनगीरचं काम यांत पत्रा, भट्टी, हातोडा सगळं एकाच घरातलं. सोनगीरला युनेस्कोची यादी नको आहे, निदान आत्ता नको आहे. पावणेदोन तास बुडाकडून भांडं बघायला मिळालं तरी पुष्कळ.

निवांत बघण्यातून काय निघतं, याचा दाखला खानदेशाला लांब जाऊन शोधायला नको. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून पुढे बारा-तेरा वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथली भित्तिचित्रं उतरवत होते. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्या कामात तयार झाले. लेण्यात उजेड तुटपुंजा, वटवाघळांचा वास, आणि समोर दीड हजार वर्षांची रेघ. आठवडेच्या आठवडे त्या रेघेपुढे बसल्यावर हात काय शिकतो ते पुढच्या भारतीय चित्रकलेनं दाखवलं. त्यांनी केलेल्या कितीतरी प्रती साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या गेल्या आणि 1885 च्या आगीत जळाल्या. शिकलेला हात मात्र शिकलेलाच राहिला. आज अजिंठ्यात एका लेण्यात मोजकी मिनिटं मिळतात. गर्दी बघता तेही ठीकच. पण चित्रकाराला आणि सहलीला आलेल्या पाहुण्याला सारखीच मिनिटं देणं हा न्याय झाला का, याचा विचार करायला हरकत नाही.

दुसरा दाखला चाळीसगावचा. रेल्वे स्थानकाजवळच्या बंगल्यात केकी मूस राहिले. छायाचित्रकार, चित्रकार, हाताला येईल त्यातून काही ना काही घडवणारा माणूस. 1989 मध्ये जाईपर्यंतचं जवळपास अर्धं शतक त्यांनी त्या घरात काढलं, बाहेर पडले ते अगदी क्वचित. टेबलावर छोटी छोटी दृश्यं मांडून त्यांचे खऱ्या देखाव्यासारखे फोटो काढण्यात त्यांचा हातखंडा होता. आज ते घरच संग्रहालय आहे. माणसानं जिथे बसून काम केलं तिथेच त्याचं काम बघण्यात जी जवळीक असते, ती मोठ्या शहरातल्या मोठ्या दालनात आणायची तर गर्दी नसलेली वेळच उपयोगी पडते. दुसरा उपाय नाही.

आता आक्षेप. ते येणारच, आणि त्यातले काही रास्त आहेत.

पहिला सुरक्षिततेचा. सोनगीरच्या कारागिराचा पहिला प्रश्न अहिराणीत असेल: ‘हात लावाले भेटी का?’ तुमचं उत्तर ठरलेलं आहे. घामातल्या मिठानं पितळेवर बोटं उमटतात आणि पुढे तिथूनच धातू खराब व्हायला लागतो. बरोबर आहे. मग हातमोजे द्या. खाली जाड कापड अंथरा. अभिरक्षकानं भांडं धरावं आणि तांबटानं सांगावं, इकडे फिरवा, आता तिकडे. भट्टीतून लाल पत्रा काढून उचलण्याची ज्याला सवय आहे त्याच्या हातून लोटा पडेल ही भीती जरा जास्तच आहे. टिचकी मारायची परवानगी द्यायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरी अडचण खरी आहे आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी हसता येईल. शंभर वर्षांत भांड्यावर चढलेला तो काळपट-तपकिरी थर तुम्हाला जपायचा असतो; वस्तूचं वय त्यातच आहे, असं संवर्धनाचं शास्त्र सांगतं. तांबटाला त्यात फक्त न घासलेलं भांडं दिसतं. तो अगदी मनापासून म्हणेल, साहेब, चिंच आणि राख आणा, दहा मिनिटांत लखलखीत करून देतो. त्या वेळी अभिरक्षकाच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते बघायला सभासदांनी वेगळी वर्गणी भरावी. पण या दोन नजरा एका टेबलापाशी आल्या तर भांडण न होता काही तरी नवीन कळेल, असा भरवसा वाटतो. थर का जपायचा हे तांबटाला कळेल. थराखाली मठार कुठल्या वळणाची आहे, हे तुम्हाला.

तिसरा प्रश्न पैशांचा. कारागीर आला म्हणजे त्याचा एक दिवस बुडाला, गाडीभाडं गेलं, मुंबईत जेवायचं वेगळं. सभासद वर्गणी भरून येतो. याला उलट काही द्यावं लागेल. द्यावं. तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या प्राध्यापकाला प्रवासखर्च आणि मानधन देताना कुणी कुरकुरत नाही. इथेही तज्ज्ञच बोलावला आहे. त्यानं भांडं बघून जे सांगितलं ते संग्रहाच्या नोंदवहीत त्याच्या नावानिशी उतरवून घ्या: जोड कसा आहे, दुरुस्ती कधीच्या पद्धतीची, पत्रा हातानं बडवलेला की गिरणीचा. दहा सकाळींत जेवढी माहिती जमेल तेवढी एखाद्या प्रकल्पात दोन वर्षांत जमत नाही, आणि पाटीवर ‘निरीक्षण: अमुक तांबट, सोनगीर’ अशी ओळ आली तर ती पाटी बघायला पुढच्या वेळी त्याचं अख्खं घर येईल. तिकीट काढून येईल.

सगळ्यांनी मुंबईलाच यावं, असंही नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं 2015 पासून चाकांवरचं संग्रहालय सुरू केलं आहे. बसमध्ये मांडलेलं प्रदर्शन शाळांच्या दारात जाऊन उभं राहतं. ती कल्पना चांगलीच आहे. अशी एखादी बस महामार्गानं सोनगीरपर्यंत यावी. पोरांच्या रांगा लागण्याआधी, सकाळी साडेसात-आठला, गावातल्या तांबटांना आत घ्यावं. मूळ भांडी आणता येत नसतील तर बुडाचे, जोडाचे, कडांचे मोठे फोटो आणावेत. समोरून काढलेले सुंदर फोटो पुस्तकात असतातच, ते नकोत.

त्याहून जवळ धुळं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि त्यांच्यामागे 1927 मध्ये तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गोळा केलेली दप्तरं तिथे आहेत, संग्रहालयही आहे. सोनगीरहून तिथे जायला अर्धा-पाऊण तास पुरतो. सुरुवात तिथून झाली तर रात्रीच्या गाडीचाही प्रश्न उरत नाही. राजवाड्यांनी कागद मिळवण्यासाठी कुणाकुणाच्या माळ्यावर चढून किती धूळ खाल्ली हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. धातूच्या बाबतीत तसा माळा म्हणजे कारागिराच्या डोक्यातली माहिती, आणि तिथवर पोचायची वाट भांडं पुढ्यात ठेवल्याखेरीज सापडत नाही.

खानदेशातून गेलेल्या वस्तू तुमच्याकडे आधीपासून आहेतच. चोपडा तालुक्यातल्या चहार्डीच्या जैन धातुप्रतिमा अभ्यासकांना चांगल्या माहीत आहेत. त्या ओतकामाच्या, तांबट ठोकणारा, ओतणारा वेगळा. तरीही धातूवर हात चालवणाऱ्या माणसाला आपल्याच नदीखोऱ्यात हजार वर्षांपूर्वी असं काम होतं हे समोर बघून काय वाटेल, ते कोणत्याही पाटीवर लिहून कळायचं नाही.

फक्त तांबटांपुरतंही हे ठेवू नका. पैठणी विणणाऱ्याला येवल्याहून बोलवा, जुन्या पैठणीची उलटी बाजू दाखवा. लाकूड कोरणाऱ्याला वाड्याचा खांब दाखवा. चामड्याचं काम करणाऱ्याला कोल्हापूरहून. प्रत्येकाला वस्तूची वेगळी बाजू बघायची असेल आणि ती बहुतेक वेळा तुम्ही भिंतीकडे वळवून ठेवलेली असेल.

तारखा ठरवताना तेवढं एक बघा. लग्नसराईत आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे सोनगीरहून कुणी हलणार नाही. आहेराची भांडी तेव्हाच लागतात. दसरा-दिवाळीच्या आधीही नाही. आषाढ-श्रावणात मुहूर्त थांबतात, दुकानात गिऱ्हाईक तुरळक असतं, भट्टीही रोज पेटत नाही. तेव्हा बोलवा. पत्र मराठीत पाठवा, साध्या टपालानं आलं तरी चालेल. अर्जाचा नमुना भरून घेण्याची अट मात्र घालू नका. आणि पहिल्या सकाळी टेबलावर जी भांडी काढाल त्यांत संग्रहातली देखणी भांडी कमी असू द्या. चिरलेली, पोचे पडलेली, चार ठिकाणी डाख लावलेली, तळघरातल्या फडताळात मागच्या ओळीला ठेवलेली आधी काढा. धड भांडी सोनगीरमध्ये रोज बघायला मिळतात.



सोनगीर, ता. जि. धुळे